वाचकांचे प्रश्न : प्रिंटरला दिलेली आज्ञा वाटेत बदलते तेव्हा

स्वतः लिहिलेल्या किंवा लिहवून घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून प्रिंटरची अक्षरे आणि मांडणी ताब्यात ठेवण्याविषयी या महिन्यात चार पत्रे आली. चारही पत्रांत लेखकांनी चुकीच्या छपाईचे बारकाईने वर्णन केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. 'प्रिंट नीट येत नाही' एवढेच लिहिले असते, तर मला नुसता तर्क लढवावा लागला असता. चुकीची छपाई नीट वाचली, तर प्रिंटरपर्यंत कोणता आकडा पोहोचला हे बहुतेक वेळा कागदावरूनच काढता येते.

प्रश्न : आमच्या आडत दुकानाचा बिलिंगचा प्रोग्राम वीस वर्षे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत होता. तो मी आता सी-शार्प या नव्या भाषेत पुन्हा लिहिला आहे. बिलाचा मजकूर आज्ञांसह एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सलग माळेत, जोडून फाईलमध्ये लिहितो आणि ती फाईल 'कॉपी' आज्ञेला '/बी' जोडून शेअर केलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे पाठवतो. दुकानाचे नाव ठळक, दुप्पट रुंद आणि अधोरेखित यावे म्हणून २७, ३३, १६८ ही जुनीच आज्ञा ठेवली आहे. प्रत्यक्षात नाव अधोरेखित येते, पण तिरप्या अक्षरांत. ते ठळकही नसते आणि रुंदही नसते, शिवाय नावाआधी एक उलटे प्रश्नचिन्ह छापले जाते. फॉक्सप्रोमध्ये हीच आज्ञा बरोबर चालत होती. प्रिंटर बिघडला असेल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : प्रिंटर बिघडलेला नाही. त्याला जे सांगितले गेले, ते त्याने तंतोतंत केले आहे.

आपली आज्ञा आधी सुटी करून पाहू. एप्सनचा एमएक्स-८० हा प्रिंटर १९८० साली आला आणि त्या घराण्याच्या प्रिंटरांची आज्ञांची बोली पुढे ईएससी/पी या नावाने रूढ झाली. आपल्याकडच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांपैकी बरेचसे, दुसऱ्या कंपन्यांचे असले तरी, हीच बोली समजतात. तिचे तत्त्व सोपे आहे. प्रिंटरकडे मजकूर आणि आज्ञा एकाच वाटेने, एकामागून एक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एकेक आकडा, अशा येतात. २७ हा बाइट, म्हणजेच एस्केप, आला की पुढचा बाइट छापायचा नसून ऐकायचा आहे असे प्रिंटर समजतो. त्या पुढच्या बाइटवरून आणखी किती बाइट आज्ञेचे आहेत हे ठरते आणि ते संपले की प्रिंटर पुन्हा मुकाट्याने छापू लागतो. २७, ३३ या आज्ञेला एकच आकडा लागतो आणि तो बेरजेचा असतो : १२ अक्षरे प्रति इंचासाठी १, प्रत्येक अक्षराला त्याच्यापुरती जागा देणाऱ्या मांडणीसाठी २, दाट अक्षरांसाठी ४, ठळकसाठी ८, दोनदा ठोकून छापण्यासाठी १६, दुप्पट रुंदीसाठी ३२, तिरप्या अक्षरांसाठी ६४ आणि अधोरेखनासाठी १२८. आपले १६८ म्हणजे ८, ३२ आणि १२८ यांची बेरीज. इथपर्यंत सर्व बरोबर आहे.

गडबड फाईल लिहिताना होते. सी-शार्पमधील स्ट्रिंग युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेताची, असते आणि ती फाईलमध्ये लिहिताना, वेगळे काही सांगितले नसेल तर, यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिली जाते. या पद्धतीत १२७ पर्यंतचे चिन्ह एका बाइटमध्ये बसते, पण त्यावरच्या चिन्हाला दोन किंवा अधिक बाइट लागतात. १६८ चे होतात १९४ आणि १६८. प्रिंटरने २७, ३३ नंतर १९४ हा आकडा घेतला. आता १९४ सोडवून पाहावे : १२८, ६४ आणि २. म्हणजे अधोरेखित, तिरपे आणि अक्षरागणिक बदलती रुंदी. आपल्याला मिळाले ते हेच. तिसरी गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असावी. कागद पुन्हा पाहिलात, तर त्या ओळीत इंग्रजी आय आणि डब्ल्यू यांनी सारखी जागा घेतलेली दिसणार नाही. आज्ञा पूर्ण झाल्यावर उरलेला १६८ हा बाइट प्रिंटरने साधे चिन्ह समजून छापला आणि नेहमीच्या अमेरिकी चिन्हसंचात १६८ व्या जागी उलटे प्रश्नचिन्हच आहे.

फॉक्सप्रोमध्ये एक चिन्ह म्हणजे एक बाइट असा सरळ हिशोब होता, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवला नाही. 'आस्की एन्कोडिंग वापरा' असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल, पण तो घेऊ नये. त्या पद्धतीत १२७ वरचा प्रत्येक आकडा साध्या प्रश्नचिन्हात, म्हणजे ६३ मध्ये बदलतो. ६३ ही ३२, १६, ८, ४, २ आणि १ यांची बेरीज असल्याने प्रिंटर तिरपेपणा आणि अधोरेखन सोडून जे जमेल ते सगळे चालू करील. खरा उपाय असा की बिल स्ट्रिंग म्हणून न लिहिता बाइटची यादी म्हणून तयार करावे आणि फाईलही बाइटच्या रूपातच लिहावी. आज तेवढा बदल जमत नसेल, तर १२७ वरचा आकडाच टाळावा : ठळकसाठी २७, ६९, दुप्पट रुंदीसाठी २७, ८७, १, अधोरेखनासाठी २७, ४५, १. ओळ संपल्यावर ती अनुक्रमे २७, ७०; २७, ८७, ० आणि २७, ४५, ० यांनी बंद करावीत. एकीच्या जागी तीन आज्ञा लिहाव्या लागतात, पण वर्षभराने कोड उघडल्यावर त्या एका बेरजेपेक्षा लवकर उमगतात, म्हणून मी स्वतः तशाच लिहितो.

'कॉपी' आज्ञेतील '/बी' मात्र काढू नका. ते नसेल, तर २६ हा बाइट फाईलचा शेवट मानला जातो आणि आज्ञेतील एखादा आकडा योगायोगाने २६ असला की बिल तिथेच तुटते. विंडोजच्या नेहमीच्या छपाईच्या वाटेने जाण्याचाही उपयोग नाही. त्या वाटेवर ड्रायव्हर आपल्या मजकुराकडे चित्र म्हणून पाहतो, एस्केपला काही अर्थ उरत नाही आणि तो एखादा चौकोन होऊन उमटतो किंवा नाहीसाच होतो. फाईल मध्ये आणायची नसेल, तर विंडोजच्या स्पूलरला, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या भागाला, 'रॉ' (जसेच्या तसे) प्रकारचे काम म्हणून बाइट देता येतात. ओपनप्रिंटर, स्टार्टडॉकप्रिंटर आणि राइटप्रिंटर ही फंक्शने त्यासाठीच आहेत. तिथे ड्रायव्हर मध्ये हात घालत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत १० × ६ इंचांची कन्टिन्युअस स्टेशनरी, म्हणजे छिद्रांच्या रेघांनी जोडलेला सलग कागद, आहे. प्रोग्राम सी भाषेत आहे. सुरुवातीला कागदाची लांबी ६ इंच सांगणारी २७, ६७, ०, ६ ही आज्ञा आणि लगेच १० अक्षरे प्रति इंचासाठी २७, ८० ही आज्ञा पाठवतो. तरीही प्रत्येक पावतीच्या डोक्यावर इंग्रजी 'पी' हे अक्षर विनाकारण छापले जाते आणि पुढची पावती छिद्रांच्या रेघेवर सुरू न होता साडेचार इंचांवरच सुरू होते. (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : आपण 'साडेचार' हा आकडा मोजून लिहिलात, त्याबद्दल आभार, कारण उत्तर त्यातच आहे.

नेहमीच्या अंतराने एका इंचात ६ ओळी बसतात. साडेचार इंच म्हणजे २७ ओळी. तेव्हा प्रिंटरने कागदाची लांबी २७ ओळी अशी समजून घेतली आहे आणि २७ हा आकडा त्याला कोठून मिळाला हे आता उघड आहे. सी भाषेत शून्य म्हणजे स्ट्रिंगचा शेवट. आपल्या आज्ञेतील २७, ६७ एवढेच बाहेर पडले, तर शून्य आणि सहा तिथेच गळाले. लांबी किती याची वाट पाहत असलेल्या प्रिंटरला पुढचा बाइट मिळाला तो दुसऱ्या आज्ञेच्या सुरुवातीचा २७. त्याने तो लांबी म्हणून घेतला. मग उरला ८०, म्हणजे इंग्रजी 'पी'. त्याच्या आधीचा एस्केप तर खर्ची पडलेला, म्हणून तो सरळ कागदावर आला.

शून्य टाळून लांबी ओळींत सांगावी : २७, ६७, ३६. त्याआधी २७, ५० पाठवून इंचाला ६ ओळींचे अंतर पक्के करून घ्यावे, कारण ओळींत सांगितलेली लांबी त्या क्षणी चालू असलेल्या अंतरावरून मोजली जाते. आधी दाट अंतर असेल, तर ३६ ओळी ६ इंच भरणार नाहीत. शून्य लागणाऱ्या आज्ञा इतरही आहेत, त्यामुळे शेवटी स्ट्रिंगची फंक्शने सोडून बाइटची संख्या मोजून लिहिणारे फंक्शन वापरणेच बरे. फाईल बायनरी पद्धतीने उघडावी हेही सांगून ठेवतो, नाहीतर विंडोजवर प्रत्येक १० च्या आधी १३ घुसवला जातो आणि तो आज्ञेच्या पोटातही घुसतो.

याच संदर्भात २७, ६४ या आज्ञेविषयी थोडे. प्रिंटरला सर्व जुने विसरून मूळ स्थितीत आणणारी ही आज्ञा प्रत्येक कामाच्या सुरुवातीला द्यावी, याबद्दल दुमत नाही. एका पतसंस्थेत मी पाहिले आहे की सकाळी रोजकीर्द दाट अक्षरांत, म्हणजे १५ हा बाइट देऊन छापली जाई, ती बंद करणारा १८ कोणी पाठवत नसे आणि मग दुपारच्या पावत्याही मुंगीएवढ्या अक्षरांत येत. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यावर प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा उपाय शोधला होता आणि नव्या माणसाला तो कामाचा भाग म्हणून शिकवला जात असे. २७, ६४ ने तो त्रास मिटतो. मात्र ही आज्ञा मिळताच कागद ज्या ठिकाणी असेल तेच पानाचे डोके, असे प्रिंटर धरून चालतो. ती पानाच्या मध्यावर पाठवली, तर पुढचा सगळा हिशोब तिथून सुरू होतो. म्हणून ती कामाच्या आरंभी, कागद रेघेवर असताना आणि एकदाच पाठवावी.

शंका उरलीच, तर प्रिंटरकडूनच जबाब घ्यावा. एप्सन आणि तत्सम प्रिंटरांत चालू करताना ठरावीक बटणे दाबून धरली, की तो 'हेक्स डंप' या अवस्थेत जातो. कोणती बटणे ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. या अवस्थेत तो कोणतीही आज्ञा न पाळता आलेला प्रत्येक बाइट सोळाच्या पायावरील आकड्यांत छापतो. २७ तिथे १ आणि बी असा दिसतो. आपल्या बाबतीत ६७ नंतर शून्य दिसले नसते आणि प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता.

प्रश्न : वाचनालयाच्या वर्गणीची पावती मराठीत हवी आहे. २४ पिनांच्या प्रिंटरमध्ये देवनागरी नसल्यामुळे मी मजकुराचे चित्र करून ते पट्ट्यापट्ट्यांनी पाठवतो. पण दोन पट्ट्यांमध्ये पांढरी फट राहते. ओळींचे अंतर २७, ४८ ने कमी केले, तर सांध्यावर काळी रेघ येते आणि काने सांध्यावर मोडल्यासारखे दिसतात. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपण निवडलेला मार्ग योग्य आहे. अशा प्रिंटरांच्या अंगभूत अक्षरांत देवनागरी नसते आणि २७, १०७ ने रोमन, सॅन्स सेरिफ, कुरिअर असे वळण बदलता येत असले, तरी ती सगळी वळणे रोमी लिपीचीच. शिवाय देवनागरीला नुसती अक्षरे बसवून भागत नाही. वेलांटी आधी, रफार वर, उकार खाली आणि जोडाक्षराचे रूपच वेगळे, ही सगळी जुळणी कोणीतरी करावी लागते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'गिस्ट' तंत्रज्ञान याच कामासाठी होते. डॉसच्या काळात त्याचे कार्ड संगणकात बसवले की साध्या प्रोग्राममध्येही मराठी दिसू लागे. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या 'इस्की' संकेतात १२७ पर्यंतची जागा इंग्रजीची आणि तिच्यावरची भारतीय लिपीची, अशी वाटणी होती. आज जुळणीचे ते काम विंडोज करते आणि आपल्याला तयार चित्र मिळते.

आता फटीकडे वळू. २४ पिनांच्या प्रिंटरमध्ये पिना इंचाच्या १८० व्या भागावर असतात, म्हणून एका पट्ट्याची उंची २४/१८० इंच, सुमारे ३.४ मिलिमीटर. नेहमीचे ओळींचे अंतर १/६ इंच, म्हणजे ३०/१८०. फरक ६ ठिपक्यांचा, तीच आपली फट. २७, ४८ ने अंतर १/८ इंच होते, म्हणजे २२.५/१८०. आता दीड ठिपका एकमेकांवर चढतो, ती आपली काळी रेघ. हवे ते अंतर नेमके सांगणारी आज्ञा २७, ५१ ही आहे. २७, ५१, २४ पाठवले की पट्टे शिवणीला शिवण लागून बसतील. आपल्या ओळखीत कोणाकडे ९ पिनांचा प्रिंटर असेल, तर हा आकडा तसाच देऊ नका. तिथे याच आज्ञेचे माप इंचाच्या २१६ व्या भागाचे असते. योगायोग असा की तिथल्या ८ ठिपक्यांच्या पट्ट्यालाही २४/२१६ इंच, म्हणजे २४ हाच आकडा लागतो, पण तो वेगळ्या हिशोबाने.

पट्टा पाठवण्याचा हिशोब आपल्या कोडशी ताडून पाहावा. ८ इंच रुंदीत १८० च्या दराने १४४० उभ्या रांगा होतात. १४४० म्हणजे २५६ च्या पाच पटी आणि वर १६०, म्हणून आज्ञा २७, ४२, ३९, १६०, ५ अशी होते. त्यानंतर प्रत्येक रांगेचे ३ याप्रमाणे ४३२० बाइट यावे लागतात आणि शेवटी १३, १०. यात एक बाइट जरी कमी पडला, तरी प्रिंटर पुढच्या आज्ञेतले बाइट चित्रात ओढून घेतो आणि पावतीचा उरलेला भाग ठिपक्यांच्या राखेसारखा दिसतो.

मोडलेल्या कान्याचे कारण वेगळे आहे. प्रिंटरचे डोके जाताना एक पट्टा छापते आणि येताना दुसरा, आणि दोन्ही दिशांच्या ठोक्यांत केसभर फरक असतो. इंग्रजी अक्षरे एकाच फेरीत पूर्ण होत असल्यामुळे तो तिथे दिसत नाही. आपल्या मजकुरातील काना मात्र वरच्या पट्ट्यात सुरू होऊन खालच्या पट्ट्यात संपतो, म्हणून तो उघडा पडतो. २७, ८५, १ दिल्यावर डोके एकाच दिशेने छापते आणि काना सरळ होतो. वेग निम्म्यावर येतो, त्याला इलाज नाही. 'एकाच पट्ट्यात ओळ बसवली तर' असे आपल्या मनात येईल, पण २४ ठिपक्यांत शिरोरेघ, वरची मात्रा, रफार आणि खालचा उकार कोंबले, की 'र्कू' सारखे अक्षर वाचताना सभासद चष्मा शोधू लागतो. दोन पट्ट्यांची ४८ ठिपक्यांची ओळ घ्यावी.

दिवसाला दहा-पंधरा पावत्यांचेच काम असेल, तर हा सगळा खटाटोप सोडून विंडोजच्या ड्रायव्हरने सरळ छापावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. तोही आतून हेच करतो. स्वतः पट्टे पाठवण्याचा फायदा तिथे, जिथे नाव-पत्ता मराठीत आणि खाली आकड्यांच्या पन्नास ओळी असतात, कारण त्या ओळी इंग्रजी आकड्यांत प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांनी झपाट्याने उरकता येतात.

प्रश्न : डॉट मॅट्रिक्सऐवजी ८० मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर घेतला. प्रोग्राम तोच आहे. इंग्रजी 'अमाउंट' शब्दातील पहिला 'ए' गायब होतो आणि तिथून पुढचे सगळे ठळक होते. खाली 'टोटल'मधील 'टी' गायब होतो आणि 'टोटल' मात्र ठळक येत नाही. जाता जाता, गल्ल्याचा ड्रॉवर उघडण्याची आज्ञा कोणती? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : या प्रिंटरांची बोली ईएससी/पीओएस ही आहे. ती ईएससी/पीची चुलत बहीण आहे, पण सख्खी नव्हे. जुन्या बोलीत ठळकसाठी २७, ६९ एवढे पुरे होते. नव्या बोलीत त्यापुढे आणखी एक आकडा लागतो आणि तो विषम असेल तर ठळक चालू, सम असेल तर बंद. आपण तो आकडा पाठवत नाही, म्हणून प्रिंटर पुढचे अक्षरच आकडा म्हणून गिळतो. इंग्रजी 'ए'चा संकेत ६५, विषम. 'टी'चा ८४, सम. ठळक बंद करणारी जुनी २७, ७० या बोलीत नाहीच, त्यामुळे 'अमाउंट'पासूनच्या ओळी 'टी' येईपर्यंत ठळक राहतात. तेव्हा चालू करण्यासाठी २७, ६९, १ आणि बंद करण्यासाठी २७, ६९, ० असे लिहावे. दाट अक्षरांच्या १५ ऐवजी लहान अक्षरांचा संच निवडणारी २७, ७७, १ ही आज्ञा वापरावी. मोठ्या अक्षरांत ८० मिलिमीटरच्या कागदावर सहसा ४८ अक्षरे बसतात, तेव्हा ८० रकान्यांची जुनी मांडणी पुन्हा आखावी लागेलच. पुढेमागे लेसर प्रिंटर घेतलात, तर याहून सांभाळून : एचपीच्या पीसीएल बोलीत २७, ६९ चा अर्थ सर्व काही मूळ स्थितीत आणणे असा आहे. म्हणून हे आकडे प्रोग्रामभर न विखुरता प्रत्येक प्रिंटरसाठी एका जागी लिहून ठेवावेत आणि प्रोग्राममध्ये फक्त 'ठळक चालू', 'ठळक बंद' अशी नावे वापरावीत.

ड्रॉवरसाठी २७, ११२, ०, २५, २५० ही आज्ञा चालते. शेवटचे दोन आकडे विद्युत ठोका किती वेळ द्यायचा आणि नंतर किती वेळ थांबायचे ते सांगतात आणि त्यांचे माप २ मिलिसेकंदांचे आहे, म्हणजे ५० मिलिसेकंद ठोका आणि ५०० मिलिसेकंद विश्रांती. ड्रॉवर उघडला, पण पुढच्या ओळीच्या आरंभी दोन उभ्या रेघा छापल्या गेल्या, तर बार्शीच्या वाचकांना दिलेले उत्तर पुन्हा वाचावे. २५० चे १९५ आणि १८६ झालेले असतील आणि १८६ व्या जागी ती जोडरेघ आहे.